बोर्ड ज्यानं केला

“मॅडम, या बोर्डावर चौदा जणांचे फोटो आहेत. पण बोर्ड ज्यानं केला त्याचं नाव कुठाय?”

हा प्रश्न दाक्षायणीचा असं अख्खी शाळा म्हणते, पण ते खरं नाही. तोंड तिचं, आवाज तिचा, हात वर करून उभी राहिली तीही तीच. प्रश्न मात्र शेजारी बसलेल्या गुलनाजचा होता आणि ‘विचारून दाखव बघू, एका पॅटीसची पैज’ ही त्याची शेपटी दुसऱ्या बाजूच्या रुपालीची होती. म्हणजे एका ओळीच्या प्रश्नाचे तीन मालक आधीच निघाले होते. पुढं काय काय होणार याचा अंदाज खरं तर इथंच यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर पॅटीस असताना माणसाला अंदाज येत नाहीत.

शिवाय दाक्षायणीचे दिवसच तसे होते. दिवाळीआधी ही मुलगी हजेरीला ‘हजर’सुद्धा पुटपुटायची. मग वक्तृत्व स्पर्धेत ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या विषयावर तिला दुसरा नंबर मिळाला आणि तिच्या आतलं धरणच फुटलं. तेव्हापासून ती वर्गात बोलत होती, वर्गाबाहेर बोलत होती, रिक्षात सहा जणींमध्ये चेपून बसलेली असतानाही बोलत होती. नववी ब तिला घाबरून होती.

प्रसंग होता व्याख्यानाचा. पुण्याहून आगाशे मॅडम आल्या होत्या. त्या डिझाइनच्या कॉलेजात शिकवतात आणि बोर्ड, पाट्या, लग्नपत्रिका यांवर संशोधन करतात. विषय होता ‘दृश्यसंवाद आणि कर्तेपण’. एखादं चित्र, एखादी पाटी आपण बघतो तेव्हा ती कुणाची म्हणायची, करून घेणाऱ्याची की करणाऱ्याची, असं काहीतरी. मुलींना एवढंच कळलं की पंखा मॅडमच्या बाजूला आहे. मागे स्टेजभर पिवळाधमक फ्लेक्स. त्यावर संस्थेचे अध्यक्षसाहेब कलिंगडाएवढे, उपाध्यक्ष नारळाएवढे, सचिव लिंबाएवढे, बाकीचे उतरत्या क्रमानं, आणि तळाशी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ती पाहुणी, बोराएवढी.

प्रश्न ऐकून ध्वनिक्षेपकानंसुद्धा शिट्टी मारली. माने सर, म्हणजे मुख्याध्यापक, दाक्षायणीकडं बघायला लागले. ते बघणं तिला पुढचे दोन आठवडे झोपेत दिसलं. पण आगाशे मॅडमनी चष्मा काढला, बोर्डाकडं वळून तो पहिल्यांदाच नीट पाहिला आणि म्हणाल्या की हाच तर माझ्या संशोधनाचा प्रश्न आहे, गेली सहा वर्षं मी त्याचं उत्तर शोधतेय. मग त्या आणखी पुढं गेल्या. पुण्यात शालेय विद्यार्थ्यांची एक संशोधन परिषद आहे. या मुलीनं हा बोर्ड कुणी केला ते शोधावं आणि तिथं निबंध वाचावा. तीन आठवडे आहेत.

टाळ्या झाल्या. माने सरांच्या चेहऱ्यावरची आठी तिथल्या तिथं हसू झाली. आभार मानताना ते म्हणाले की हा प्रश्न विचारायला आम्हीच मुलींना उद्युक्त करत असतो. मालक आता चार झाले.

पॅटीस मिळालं.

घरी अप्पांना आनंद झाला तो घाबरत घाबरत झाला. अप्पा, म्हणजे तिचे वडील सिद्धराम बिराजदार, याच संस्थेच्या कॉलेजात ग्रंथालयात आहेत. त्यामुळं संस्थेच्या नावानं घरात काही आलं, मग ती दिनदर्शिका का असेना, की ते आधी उभे राहतात. अव्वा, म्हणजे आई, म्हणाली, पुण्याला जायचं तर नवा ड्रेस लागेल. शेजारच्या मायाक्का मावशींनी दारातूनच सल्ला दिला की मंद्रूपला त्यांच्या भाच्यानं असंच संशोधन केलं होतं, शेळ्यांवर. त्यानं आधी फाइल आणली होती, चांगली जाड, बटणाची. तर फाइल आधी आण. फाइल आणली गेली. संशोधनाची ती एकमेव गोष्ट होती जी पहिल्या दिवशी झाली आणि शेवटपर्यंत बिघडली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फोनवर संमतीपत्राचा नमुना पाठवला. ज्याच्याशी बोलशील त्याची आधी यावर सही घे, संशोधनात ही पहिली पायरी, असं बजावलं. तीनच ओळी होत्या. मी हे वाचलं आहे. मी आपखुशीनं माहिती देत आहे. मला नको म्हणता येईल, आणि मी नको म्हटलं तर त्याचा मान राखला जाईल.

दाक्षायणी प्रती काढायला शाळेच्या ऑफिसात गेली. तिथं वाघमोडे भाऊसाहेब बसतात. नाव बिरुदेव, पण हे त्यांच्या घरच्यांखेरीज कुणाला माहीत नसावं. भाऊसाहेबांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि विचारलं, यावर आवक क्रमांक कुठाय? ती म्हणाली, हा फोनवर आलाय. भाऊसाहेब म्हणाले, फोनवर आलेलं आलेलं नसतं. मग मॅडमना ईमेल करायला लावलं, तो छापला, त्यावर क्रमांक पडला, तो माने सरांच्या टेबलावर गेला, तिथं तीन दिवस पेपरवेटखाली राहिला, आणि परत आला तेव्हा वरती लाल शाईत ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलेलं होतं. ती कार्यवाही कुणी करायची हे लिहिलेलं नव्हतं. रुपालीनं विचारलं, हे पत्र कुणी केलं म्हणायचं गं, यावर वेगळा निबंध लिहिशील का?

मग मुलाखती. आणि इथं दाक्षायणीला पहिला धक्का बसला. बोर्ड कुणी केला हे कुणाला माहीत नसेल अशी तिची भीती होती. झालं उलटंच. बोर्ड प्रत्येकानं केला होता.

चित्रकलेचे सर म्हणाले, पिवळा रंग माझा. ते हिरवा म्हणत होते. भाऊसाहेब म्हणाले, मॅटर माझं. एक-एक उपाधी मी तपासली, नाहीतर सचिवांच्या नावापुढचं ‘आदरणीय’ गळलं असतं. उपाध्यक्षांनी निरोप धाडला की फोटोंचा क्रम त्यांनी लावला आणि हे काम सगळ्यांत अवघड असतं, यात घरं फुटतात. माने सर म्हणाले, एकूण दृष्टी माझी. शिपाईमामा म्हणाले, बाई, बांधला मी, न बांधता बोर्ड म्हणजे नुसती गुंडाळी. सगळ्यांनी संमतीपत्रावर ऐटीत सह्या केल्या. काहींनी सहीखाली पदही लिहिलं. नको म्हणता येईल ही ओळ कुणी वाचलीसुद्धा नाही, कारण कुणाला नको म्हणायचंच नव्हतं.

आणि या सगळ्यांनी सांगितलेलं कॉम्प्युटरवर बसून खरोखर केलं कुणी? हारूनचाचांनी. गुलनाजचे चाचा.

हे गुलनाजला पहिल्यापासून माहीत होतं. प्रश्न तिचा होता तो उगाच नव्हता.

हारूनचाचा विजापूर वेशीजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात बसतात. त्याआधी वीस वर्षं ते हातानं पाट्या रंगवायचे. त्यांचं ‘श्री’ असं वळायचं की लोक पाटीपुढं उभे राहून दुकानात जायचं विसरायचे. मग फ्लेक्स आला, ब्रश डब्यात गेले. आता सगळ्या शहराचे वाढदिवस, निवडी, अभिनंदनं आणि श्रद्धांजल्या त्यांच्या हाताखालून जातात. अध्यक्षसाहेबांचे बोर्ड तेच करतात आणि साहेबांविरुद्ध पालिकेला उभे राहणार असलेले ज्ञानबा आबा यांचेही तेच करतात. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते एकाच बाकावर पाठीला पाठ लावून प्रूफ बघतात आणि हारूनचाचा मध्ये कुणाचेच नसल्यासारखे बसलेले असतात. खुर्चीच्या पाठीला टॉवेल, कानावर पेन्सिल.

दाक्षायणीनं त्यांच्याशी दोन तास गप्पा मारल्या. फोटोतून माणसाचा चेहरा कापून काढताना कान का जपायचा, मोठ्या माणसाच्या डोक्यावर छोट्याचं नाव का येऊ द्यायचं नाही, मोकळी जागा सोडली तर गिऱ्हाईक ‘इथं काय विसरलात’ म्हणतं ते कसं, असं सगळं त्यांनी सांगितलं. वही भरली. संमतीपत्रावर सही मात्र तिनं घेतली नाही. गुलनाजचे चाचा म्हणजे घरचे. घरच्या माणसाकडून सही कसली घ्यायची?

ही चूक एक.

इतक्यात माने सरांच्या मनात आलं की शाळेच्या मुलीची पुण्याला निवड होते आणि चौकात बोर्ड नाही, हे बरं दिसत नाही. बोर्ड ठरला. तोही बिराजदारांच्या गॅलरीसमोरच्याच चौकात. ‘कु. दाक्षायणी सिद्धराम बिराजदार हिची संशोधन परिषदेसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुक. दाक्षायणीला वाटलं, आता नाही तर कधी. तिनं सरांना गळ घातली की या बोर्डावर करणाऱ्याचं नाव हवंच, निबंधात ते दाखवता येईल, सोलापुरात असा बोर्ड झालेला नाही. सरांना ‘झालेला नाही’ हे शब्द आवडले.

आवडले नाहीत ते हारूनचाचांना.

“नक्को बेटा,” ते म्हणाले.

“असं कसं चाचू, तुमचं काम आहे.”

“काम है, सो दिखता. नाम नक्को. नाम डाले तो आदमी किसी का हो जाता.”

दाक्षायणी हसली. गुलनाजही हसली, म्हणाली, घाल गं, लाजतायत ते. चाचा तिसऱ्यांदा नक्को म्हणाले आणि त्याच वेळी दुकानात कुणाचातरी दशक्रियेचा मजकूर आला, बोलणं तिथं राहिलं.

आता इथं दाक्षायणीची बाजू समजून घ्यायला हवी. आपल्याकडं जेवायला बसलेला पाहुणा ‘बास, नको’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘अजून एक भाकरी’ असा होतो. दुसऱ्यांदा नको म्हणाला तर तो संकोचतोय. ताटावर दोन्ही हात आडवे धरले तर हातांच्या फटीतून वाढायची. हे ती जन्मल्यापासून बघत आली होती. अव्वानं कुणाचं ‘नको’ ऐकून घेतलंय असं बिराजदारांच्या घरात एकदाही झालेलं नाही. तेव्हा तीनदा नक्को म्हणणाऱ्या माणसाला नाव हवंय, ही गोष्ट तिला सूर्यप्रकाशाइतकी स्वच्छ दिसली.

तिनं मॅटरमध्ये स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘संकल्पना व मांडणी – हारून शेख’. आणि कागद भाऊसाहेबांकडं दिला.

भाऊसाहेबांनी तो तपासला. त्यांचा एक नियम आहे : बोर्डावर नाव असेल तर फोटो पाहिजे. नुसतं नाव म्हणजे माणूस गैरहजर असल्यासारखं दिसतं, आणि गैरहजर माणसाला शाळेच्या बोर्डावर जागा नाही. त्यांनी फोनवर हारूनचाचांच्या नावासमोर दिसणारा फोटो उचलला, ईदचा, जाळीची टोपी घातलेला, छान हसरा, आणि मॅटरबरोबर दुकानात पाठवून दिला. चाचा त्या दिवशी एका हॉटेलची पाटी बसवायला टेंभुर्णीला गेले होते. दुकानाच्या मालकानं फाइल स्वतःच उघडली, फोटो गोलात बसवला, खाली ‘संकल्पना व मांडणी’ मावेना म्हणून नुसतं नाव ठेवलं, गोल शुभेच्छुकांच्या रांगेत बसवला, कारण मोकळी जागा तिथंच होती, आणि छापून टाकला.

सकाळी बोर्ड चौकात उभा. अध्यक्षसाहेब कलिंगडाएवढे, दाक्षायणी लिंबाएवढी, आणि शुभेच्छुकांच्या रांगेत, साहेबांच्या बरोब्बर खाली, हारूनचाचा हसतायत.

अप्पांनी गॅलरीतून अकरा फोटो काढले आणि अक्कलकोटपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना धाडले. मायाक्का मावशी म्हणाल्या, लेकीचा चेहरा जरा छोटा आलाय, पण मोठा व्हायला वय हाय की. दाक्षायणीला दुपारपर्यंत जमिनीला पाय टेकल्याचं आठवत नाही.

दुपारनंतर आठवतं.

सगळ्यात आधी एक गृहस्थ हारूनचाचांना दुकानात येऊन भेटले आणि कुठल्या प्रभागातून उभे राहताय असं विचारून गेले. दुसरे आले ते गल्लीतल्या नळाची तक्रार घेऊन. आता तुमचं साहेबांशी आहे तर एक शब्द टाका की. तिसऱ्यानं शाल आणली. चाचा प्रत्येकाला सांगत होते की मी नुसता बनवणारा आहे, आणि प्रत्येक जण डोळा बारीक करून म्हणत होता, व्हय व्हय, सुरुवातीला असंच म्हणायचं असतं. आणि संध्याकाळी ज्ञानबा आबांच्या ऑफिसातून निरोप आला की आबांच्या वाढदिवसाचे सगळे बोर्ड आता दुसरीकडं होतील. हारूनभाईंनी बाजू घेतली, चांगलं झालं, ज्याची त्याची मर्जी.

दुसऱ्या दिवशी मालकानं चाचांना सांगितलं की थोडे दिवस घरी बसा, हवा शांत होऊ द्या. किती दिवस ते त्यानं सांगितलं नाही.

गुलनाजनं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाक बदलला. खिडकीजवळचा, जिथं तिघी बसायच्या, तो सोडून ती मागं जाऊन बसली. मधल्या सुट्टीत दाक्षायणी तिच्याकडं गेली तेव्हा ती डब्याकडं बघत एवढंच म्हणाली, “मीच म्हटलं होतं घाल म्हणून. म्हणून तुला काही बोलत नाही. पण चाचू कालपासून ब्रशचा डबा काढून पुसत बसलेत. एकच ब्रश पुसतायत.”

दाक्षायणीनं धावपळ केली. धावपळीत तिला कुणी हरवू शकत नव्हतं. आधी माने सर. सर म्हणाले, बोर्ड संस्थेचा आहे, मी कसा उतरवणार. मग भाऊसाहेब. त्यांनी कपाटातून फाइल काढून दाखवली. बोर्ड लावायचा अर्ज असतो, मुदतवाढीचा असतो. परवानगी आठ दिवसांची आणि मुदतीआधी उतरवायचा नमुनाच नाही. आजवर कुणी स्वतःचं अभिनंदन लवकर उतरवा असं मागितलेलं नाही. तू मागतेस तर मी तुला कुठल्या रकान्यात घालू?

मग रुपालीला बरोबर घेऊन ती थेट ज्ञानबा आबांच्या ऑफिसात गेली. पायऱ्या चढताना वक्तृत्वाचा दुसरा नंबर कुठं गेला होता कळत नव्हतं. आबांनी दोघींना चहा दिला, बिस्किटं दिली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पोरी, बोर्डावर फोटो हाय आनि मानूस कुनाचा न्हाय, असं मी चाळीस वर्षांत बघितलं न्हाय. तुझ्यावर इस्वास हाय. पन तू काय मतदान करत न्हाईस.” थोड्या वेळानं त्यांनी तोडगाही सुचवला : हारूनभाईंचा फोटो माझ्याही बोर्डावर लावू, साहेबांनी लावला त्याच्या दुप्पट. दाक्षायणी जवळजवळ हो म्हणाली होती. रुपालीनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की बिस्कीट चहात पडलं.

शेवटी तिनं आगाशे मॅडमना फोन केला. फोनवर ती न थांबता बोलली, बोर्ड, गोल, टोपी, शाल, नळ, सगळं. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी एकच विचारलं.

“त्यांचं संमतीपत्र आहे तुझ्याकडं?”

दाक्षायणीनं फाइल उघडली, ती जाड, बटणाची. चित्रकलेच्या सरांचं होतं. भाऊसाहेबांचं होतं, शिक्क्यासकट. शिपाईमामांचं होतं. बोर्ड न करणाऱ्या सगळ्यांचं होतं.

त्या दिवशी रविवार. जेवायला मायाक्का मावशींना बोलावलं होतं. त्या अव्वाला ‘बास गं श्रीदेवी, नको’ म्हणाल्या आणि अव्वानं सवयीनं भाकरी उचलली. मावशींनी ताटावर हात धरला. दाक्षायणी घास तोंडात तसाच धरून बघत होती. मावशींचा चेहरा तिनं आजवर कधी पाहिलाच नव्हता, ताटाकडंच लक्ष असायचं. आज पाहिला. मावशींना खरोखर नको होती. गेली कित्येक वर्षं त्या ती जास्तीची भाकरी खात होत्या आणि मग दुपारभर पाठीला उशी लावून बसत होत्या.

“अव्वा, त्या नको म्हणतायत,” ती म्हणाली.

अव्वाचा हात हवेत थांबला. मावशींनी दाक्षायणीकडं असं पाहिलं, जसं कैदेतून सुटणारं माणूस बघत असेल.

ती तशीच उठली आणि गुलनाजच्या घरी गेली. हारूनचाचा ओसरीवर होते, डबा समोर. यावेळी ती आधी काही बोललीच नाही, हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. कोरं संमतीपत्र पुढं ठेवलं. चाचांनी ते वाचलं. तिसऱ्या ओळीपाशी बोट ठेवलं.

“ये लाइन पहले कां थी बेटा?”

“फाइलमध्ये होती चाचू. मी तुम्हाला दाखवली नाही.”

गुलनाज दारात उभी होती. मग दाक्षायणीनं विचारलं की आता मी काय करू, तुम्ही सांगाल ते, आणि काहीच करू नको म्हणालात तर काहीच नाही. आणि चक्क उत्तराची वाट बघत थांबली. चाचांनी कानावरची पेन्सिल काढली.

त्यांनी सांगितलं ते असं. निबंधात काम लिही, नाव नको. आणि बोर्डाचं जे झालंय ते लोकांनी बोर्डावर वाचलंय, तर बोर्डावरच खोडावं लागेल. तोंडानं सांगितलेलं या शहरात कुणी वाचत नाही. त्यात माझं नाव येऊ दे, एकदाच, आणि फोटो नक्को. आणि बनव तू. मी हात लावणार नाही. मी लावला तर परत कुणीतरी म्हणेल, हारूननं कुणासाठी केलं.

कापड रुपालीनं आणलं. तिच्या वडिलांचा चादरीचा कारखाना आहे. तिथून पांढरं, न रंगवलेलं, चांगलं दोन बाकांएवढं. चाचांनी ब्रश दिले आणि खाटेवर बसून फक्त सांगितलं : दोरीला खडूची पूड लाव, ताणून धर, टिचकी मार, रेघ उठते. अक्षर आधी मोज, मग लिही. दाक्षायणीनं पहिल्या मसुद्यात ‘निरपराध’, ‘घोर अन्याय’ आणि ‘लेखणी साक्ष आहे’ असं बरंच घातलं होतं. चाचा म्हणाले, गाडीवरून जाणारा माणूस चार सेकंद बघतो, त्यात तू रडणार का सांगणार? तीन दिवस शाळा सुटल्यावर ती ओणवी होऊन लिहीत होती. गुलनाज दोरीचं दुसरं टोक धरत होती. बोलत नव्हती, पण टोक घट्ट धरत होती.

दरम्यान निबंधही तयार झाला होता आणि त्यावर, तिनं न विचारताच, नऊ नावं जमली होती. मुख्य मार्गदर्शक माने सर, रंगविषयक मार्गदर्शन चित्रकलेचे सर, कार्यालयीन सहकार्य भाऊसाहेब, प्रेरणा अध्यक्षसाहेब, असं करत करत शेवटी सादरकर्ती कु. दाक्षायणी. तिनं निबंधाला एक शेवटचं पान जोडून ते सगळ्यांना वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं की या संशोधनात एका माणसाचं ‘नको’ डावलून त्याचं नाव आणि फोटो छापला गेला, त्यामुळं त्याचं काम गेलं, आणि याला वर दिलेले सर्व कर्ते जबाबदार आहेत.

तासाभरात चित्रकलेचे सर येऊन म्हणाले की रंगाचं काय, रंग कुणीही सुचवतो. भाऊसाहेबांनी स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं, पट्टी लावून, खोडलं. माने सर म्हणाले, मुलांना श्रेय द्यावं या मताचा मी आहे. उपाध्यक्षांचा निरोप आला की फोटोंचा क्रम आपोआपच लागतो. संध्याकाळपर्यंत पानावर एकच नाव उरलं. ती त्याकडं बघत राहिली. हवं होतं तेच मिळालं होतं, आणि आता चूकही एकटीचीच होती.

त्या संध्याकाळी अप्पा ग्रंथालयातून आले, चहा झाला, आणि तिनं गुंडाळलेलं कापड आणून दोघांपुढं जमिनीवर उलगडलं. निळ्या अक्षरात चारच ओळी. ‘समोरच्या बोर्डावर हारून शेख यांचा फोटो त्यांना न विचारता लागला. ते कुणाचे शुभेच्छुक नाहीत. ते बोर्ड करतात, सगळ्यांचे. चूक माझी.’ आणि उजव्या कोपऱ्यात, बारीक, ‘लिहिणारी व रंगवणारी – दाक्षायणी बिराजदार, नववी ब’.

अव्वानं पदर तोंडाला लावला. अप्पांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, पुन्हा पुसला.

“उद्या सकाळी हे आपल्या गॅलरीला बांधतेय,” दाक्षायणी म्हणाली. “बोर्डाच्या बरोबर समोर. निबंधातही हेच वाचणार.”

“साहेब बघतील,” अप्पा म्हणाले.

“हो अप्पा. साहेबांनी बघावं म्हणूनच अक्षर वीतभर घेतलंय.”

अप्पा उठले. खिडकीतून चौकातल्या बोर्डाकडं बघून आले, जिथं साहेब कलिंगडाएवढे हसत होते. ज्यांच्या नुसत्या दिनदर्शिकेसाठी ते उभे राहत. मग येऊन कापडापाशी गुडघ्यांवर बसले आणि कोपऱ्यातल्या तिच्या नावाखाली, तिथल्या मोकळ्या जागेवर, बोट ठेवलं.

“इथं माझं पण टाक की,” ते हळू म्हणाले. “बारीक अक्षरात. एकटीचं नको.”

दाक्षायणीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि तिनं ते येऊ दिलं.

“नको अप्पा,” ती म्हणाली. “खरंच नको. बोर्डावर नाव, ज्यानं केला त्याचं. हा मी केलाय.”